मी इन्युअर्ड आहे

३ जून, सकाळी ६
आजपासून रोवेनाचं इंग्रजी माझ्याकडे. तिला डब्लिनच्या हॉस्पिटलात नर्स व्हायचंय, त्यासाठी आधी इंग्रजीची परीक्षा. मागच्या खेपेला अर्ध्या मार्काने हुकली. इथे इलोइलो शहरात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला बाप घरात असताना ही गत! संकल्प: रोज एक शब्द. पहिला शब्द, इन्युअर्ड. अर्थ: सोसून सोसून निर्ढावलेला. उदाहरण म्हणून मी स्वतःलाच दिलं. बायको गेली, नोकरी संपली, वादळात दोनदा छप्पर उडालं; डोळ्यांतून टिपूस नाही. (बायकोच्या अंत्यविधीला मी खुर्च्या मोजत होतो. कुणीतरी मोजायला हव्यातच.)

४ जून
दुसरा शब्द उद्यावर. पाया पक्का हवा.

११ जून
अजून पहिलाच शब्द. रोवेना नम्रपणे म्हणाली की परीक्षा अठरा दिवसांवर आलीय. मी म्हटलं, घाईने शिकलेलं घाईने विसरतं. यावर मानांग पासिता, म्हणजे माझी थोरली बहीण, स्वयंपाकघरातून ओरडली की एका शब्दावर पोरीला जन्मभर घरी बसवायचा बेत दिसतोय. तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ती आठवीपर्यंत शिकली आहे.

१२ जून
जेवताना रोवेना म्हणाली, तातय (बापाला ती तातयच म्हणते), तुम्ही नको म्हणालात तर मी अर्ज मागे घेते. मी म्हटलं, मी इन्युअर्ड आहे. शब्द वाक्यात अगदी चपखल बसला. नंतरचा आंबा तसाच ठेवला. आंबट होता. मानांग म्हणते, साखरेसारखा गोड होता.

२० जुलै
पास! शब्द एकच, पण कसा शिकवला! (बाकीचे ती मोबाइलवर शिकली म्हणे.) विचारलं, आपला शब्द आला का? म्हणाली, तोंडी परीक्षेत वापरला. कुठल्या वाक्यात? तर म्हणे इस्त्री तापलीय, आणि पळाली.

५ ऑगस्ट
व्हिसाच्या कागदावर वडिलांची सही लागते का, विचारलं. लागत नाही. बरंच झालं. तशी मी लगेच केलीच असती.

३ सप्टेंबर, दुपारी
आज निरोपाची पार्टी. संकल्प: भाषण नाही, गाणं नाही, रडणं तर नाहीच.

४ सप्टेंबर
भाषण झालं, कारण लोकांचा आग्रह. मानांग म्हणते, आग्रह खाली बसण्याचा होता. कराओकेवर गाणंही झालं. मशीनने अठ्ठ्याण्णव मार्क दिले. दुसऱ्या कडव्याला डुक्कर भाजण्याचा धूर डोळ्यांत गेला. डुक्कर बाजारातून भाजूनच आणलं होतं, हे मानांगने सगळ्यांना सांगायची काय गरज होती?

९ सप्टेंबर, सकाळी ७
नऊला व्हॅन येणार. मी विमानतळावर जाणार नाही. सुशिक्षित माणूस दारातच निरोप देतो. मानांगची कालपासून एकच भुणभुण: आपण जेवत असताना कुणी घरातून निघालं, तर आपापलं ताट फिरवायचं, म्हणजे जाणाऱ्याला वाटेत काही होत नाही. मी स्पष्ट सांगितलं, बी.ए. झालेला माणूस ताटं फिरवत नाही.

त्याच दिवशी, ९.३०
व्हॅन सव्वाआठलाच आली. आम्ही भात आणि सुकी मासळी खात होतो. मानांगने स्वतःचं ताट फिरवलं, मग माझ्या ताटाला हात घातला. मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. रोवेना दारातून बघत होती. म्हणाली, तातय, खरंच जाऊ ना? मी म्हटलं, सांगितलं ना, इन्युअर्ड. ती हसली, नाक पुसलं आणि गेली. मी अजून ताट धरूनच बसलो होतो. भात गार झाला.

१० सप्टेंबर, दुपारी १२
मनिलात वादळ. विमान अडकलं. तिचा फोन लागत नाही. ताट किंचित फिरवलं, मासळीचा काटा उजवीकडे आला होता म्हणून.

दुपारी १
परत फिरवलं. मानांग म्हणते, माणूस गेल्यावर फिरवलेलं धरत नाहीत. विचारलं, हे कोण ठरवतं? तिलाही माहीत नाही.

१२ सप्टेंबर, दुपारी
साडेअकराला फोन. पोचली! तिकडे पहाट होती. झोप येत नाही म्हणाली. खोली छोटी आहे, भात मिळतो. मी पुन्हा त्या वाक्याचं विचारलं. तोंडी परीक्षेत प्रश्न होता, तुम्ही गेल्यावर घरी सगळ्यात जास्त त्रास कुणाला होईल? ती म्हणाली, आत्याला. माझे वडील इन्युअर्ड आहेत. परीक्षक खूश झाले. मग म्हणाली, तातय, तुम्ही ताट धरून बसलात ना, तेव्हा कुठे माझा पाय निघाला. नाहीतर मी बॅग खाली ठेवणारच होते. करार तीन वर्षांचा आहे, पण तुमचं सगळं ठीकच आहे तर पाच करून घेते.

मी म्हटलं, वाक्य बरोबर आहे.

जेवायला सवयीने तीन ताटं मांडली. तिन्ही फिरवली. मानांगने भात वाढला, तिसऱ्या ताटातही.