माझ्या पायी चालण्याबाबत खुलासा

रा. रा. रामकिसनराव, मुक्काम मंठा, यांना जुन्या जालन्याहून सविनय नमस्कार.

मी, धर्मराज सखाराम उगले, बी. कॉम., बियाण्यांचा व्यापारी आणि आपल्या धाकट्या भगिनी द्वारकाबाई यांचा पती, हे पत्र माझ्याविषयी पसरलेल्या अफवांचा खुलासा करण्यासाठी लिहीत आहे. (आपण मला माझ्या लग्नापासून ओळखता हे मान्य आहे, परंतु लिहिणारा कोण आणि कशासाठी, हे पहिल्या वाक्यात आले नाही तर पुढचे वाचू नये, अशी माझी शिस्त आहे.) आपली गुडघेदुखी थंडीत वाढली नसावी, सगुणावहिनींचा खोकला थांबला असावा आणि हरभऱ्याची पेरणी वेळेवर उरकली असावी, अशी आशा करतो. आम्ही सर्व कुशल आहोत. 'सर्व' या शब्दात मीही येतो, हे मुद्दाम नमूद करतो, कारण आपली समजूत तशी दिसत नाही.

परवा मंठ्याच्या एसटीने आपण पाठवलेले ज्वारीचे पोते आणि त्याला सुतळीने बांधलेली 'दाजी, हिंमत सोडू नका' ही चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी वाचून द्वारकाबाई आधी रडल्या आणि मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारच्या मालनबाई धावत आल्या. रामकिसनराव, माझे दुकान बुडालेले नाही. स्कूटर विकलेली नाही; ती ओसरीत उभी आहे आणि तिच्या आरशात पाहून मी रोज भांग पाडतो. आपल्या भगिनींनी मला घराबाहेर काढलेले नाही. मी केवळ पायी चालत होतो.

झाले असे. आमच्या पालिकेने दिवाळीपूर्वी 'आरोग्य पायवाट' जाहीर केली. आमच्या गल्लीच्या तोंडापासून धान्यबाजारातून, नदीच्या पुलाजवळून, मोतीबागेच्या तलावापर्यंत. भिंतींवर हिरवे बाण काढले, कोपऱ्याकोपऱ्यावर फलक लावले, रिक्षावर भोंगा बांधून आठवडाभर सांगितले की नागरिकहो, चाला. प्रचारात उणीव काढण्याची माझी सवय आपण जाणता. मला एकही सापडली नाही. उलट प्रचार इतका यशस्वी झाला की पहिल्याच रविवारी अर्धे गाव पायवाट पाहायला आले. मोटरसायकलींवरून. एकेका गाडीवर अख्खे कुटुंब बसवून लोकांनी बाणामागून बाण पाहत सगळी पायवाट फिरून घेतली, तलावाकाठी भेळ खाल्ली आणि 'छान केली' असे म्हणून ते घरी गेले.

चालले मात्र कोणीच नाही. आमचे नगरसेवक काकासाहेब यांनी यावर सभा बोलावली. त्यांनी सांगितले की येत्या सोळा तारखेला, रविवारी, वरून साहेब येणार असून ते मोतीबागेत बसून राहतील. एक तरी नागरिक पायवाटेने आरंभापासून शेवटापर्यंत चालत आलेला त्यांना दिसला, तर दुतर्फा झाडे आणि बाके मंजूर होतील. न दिसल्यास फलक उपटून दुसऱ्या गावाला जातील. मला ही गोष्ट अगदी सोपी वाटली, म्हणून मी उभा राहिलो आणि 'मी चालेन' असे म्हणालो. टाळ्या झाल्या. इतिवृत्तात नाव लागले. (माझा शब्द मी आजवर मोडलेला नाही, आणि ही बढाई सर्वांत जास्त ज्यांनी ऐकली आहे त्या द्वारकाबाई त्याच सभेत पुढच्या रांगेत बसल्या होत्या.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावासाठी निघालो आणि धान्यबाजारापर्यंत पोहोचण्याच्या आतच माझ्याजवळ एक स्कूटर थांबली. "काका, बसा. कुठं सोडू?" मी म्हणालो, मी मुद्दाम चालत आहे. तो तरुण हिरमुसला. "मागं गाडी घेतली तवा पेढे द्यायचे राह्यले, म्हणून रागावलात का?" आता त्याची समजूत काढण्यासाठी बसणे भाग पडले. त्यानंतरच्या दिवशी माझे जुने गिऱ्हाईक भिवा भेटले. मी बसण्यास नकार दिला तेव्हा ते मोटरसायकलवरून उतरले आणि ती ढकलत माझ्या बरोबरीने चालू लागले. "शेठ, काहून पायी चालून राह्यले? घरी काही झालं का? मला सांगा, मी बोलतो बाईंशी." त्यांना दम लागला होता, गाडी जड होती, माणुसकी म्हणून मीच म्हणालो, चला, बसतो. त्यांनी मला थेट दुकानात आणून सोडले, म्हणजे मी जिथून निघालो होतो त्याच्याही मागे. एका रिक्षावाल्याने तर पैशाचे नावही न काढता माझ्या हातातली पिशवी आत ठेवली. पिशवी गेल्यावर माणसाला जावेच लागते.

संध्याकाळपर्यंत बातमी फुटली. धान्यबाजारात माझी स्कूटर विकली गेली, पुलापाशी दुकानाला कुलूप लागले, आणि मंठ्याच्या एसटीत चढेपर्यंत माझा संसार मोडला असावा, असे आपल्या पोत्याच्या आकारावरून मी अनुमान काढतो.

एकट्याने जमत नाही म्हणून आम्ही शेजारचे चौघे एकत्र निघालो. पहाटेची वेळ, चौघे गंभीर, कोणी बोलत नाही. पहिल्याच दुकानदाराने शटर अर्धे खाली ओढले आणि हात जोडून विचारले, "कोण गेलं?" आम्ही कोणीही गेलेले नाही असे सांगितले, तरी तो काही अंतर मागून आलाच. काकासाहेबांनी स्वतः का चालू नये, असेही मी विचारले. त्यांनी खिन्नपणे सांगितले की त्यांनी एकदा चालून पाहिले आहे. तिसऱ्या बाणापाशी त्यांच्यामागे घागरी घेतलेल्या बायका जमल्या आणि पायवाट नळाच्या प्रश्नाकडे वळली. पालिकेचा यात काडीचा दोष नाही, रामकिसनराव. दोष असेल तर आमच्या गावाच्या मायेचा. ओळखीचा माणूस पायी जात असलेला आम्हाला बघवत नाही.

मी खचलो होतो. अशा वेळी मालनबाई दारात आल्या. सबंध जुन्या जालन्यात मी चालतो यावर विश्वास ठेवणारी ती एकमेव व्यक्ती. म्हणाल्या, "भाऊजी, तुमी तिकडं चाललेच हायत, तर ही शेळी पुलापाशी आमच्या लेकीच्या, बेबीनंदाच्या घरी न्या. रिकामं काय चालता?" बी. कॉम. झालेल्या मनुष्याने शेळीची दोरी धरावी की नाही यावर मी विचार करत होतो, तोवर दोरी हातात आली होती.

आणि मग, रामकिसनराव, चमत्कार घडला. समोरून स्कूटर आली, हळू झाली, स्वाराने माझ्याकडे पाहिले, शेळीकडे पाहिले, मागच्या सीटकडे पाहिले, नमस्कार केला आणि निघून गेला. भिवा आले. "शेळी घेतली व्हय शेठ? दुधाला चांगली दिसती," एवढेच म्हणून पुढे गेले. परवाचा तोच रिक्षावाला थांबला आणि स्वतःच म्हणाला, "माफ करा काका, शेळी बसवत न्हाई. शीट खाती." कोणीही माझ्या घराची चौकशी केली नाही. कोणालाही माझी कीव आली नाही. शेळी घेऊन जाणारा माणूस पायीच जायचा, यात कोणाला काही विचारण्यासारखे वाटत नाही. मी चालत होतो! डाव्या हाताला मेथीच्या जुड्या होत्या, भट्टीवर ताजे फुटाणे उडत होते, शाळेतून प्रार्थनेचा आवाज येत होता. पन्नाशी ओलांडली तरी हे गाव मी कधी पायांनी पाहिले नव्हते. एका भिंतीवरचा बाण शेळीने हुंगला आणि ती बरोबर दिशेला वळली. मला गाणे गुणगुणावेसे वाटले. (गुणगुणलो.)

पुलापाशी मी शेळी बेबीनंदाच्या हवाली केली, दोरी सोडली, धोतराएवढा लांब श्वास घेतला आणि तलावाकडे पहिले पाऊल टाकले. मागून ब्रेक वाजला. "काका, मोकळेच हायत ना? बसा."

तरी आमच्याकडे सर्व क्षेम आहे याची आपली खात्री पटली असेल. कोणी काही विचारल्यास हे पत्र दाखवावे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धर्मराज उगले

ता. क. ज्वारी उत्तम आहे. गैरसमजातून आलेली असल्यामुळे ती परत करणे नियमाला धरून होईल, असे मी म्हणालो होतो. द्वारकाबाईंनी तोवर भाकरी थापली होती.

ता. क. २. मालनबाईंची शेळी आता लेकीकडेच राहणार आहे. आपल्याकडे शेळ्या आहेत. सोळा तारखेच्या आत एक, शांत स्वभावाची, गर्दीला न बुजणारी, शक्यतो शिंगे लहान असलेली, एसटी घेत नसल्यास बाजाराच्या टेम्पोने पाठवावी. हे पत्र लिहिण्याचे मूळ कारण हेच आहे. पहिल्या वाक्यात ते लिहिण्याचे धैर्य झाले नाही. आता गाव म्हणेल की धर्मराजाने बियाण्यांचा धंदा सोडून शेळ्या धरल्या. म्हणू द्या. मला तलाव गाठायचा आहे.

ता. क. ३. हे सर्व मी काकासाहेबांच्या कानावर घातले. ते ऐकून थेट पेंटरकडे गेले. मोतीबागेच्या फलकावर जो चालणारा माणूस काढला आहे, त्याच्या हातात आज दुपारी दोरी आली. दोरीच्या टोकाला पेंटरने जागा मोकळी सोडली आहे. तरी आपली शेळी काळी, तांबडी की पांढऱ्या ठिपक्यांची, ते उलट टपाली कळवावे.

धर्मराज सखाराम उगले
जुना जालना
दि. ६ नोव्हेंबर १९९७