अंगदची ओळ

शिरूर कासार,
दि. ५ मार्च १९८७

चि. सौ. सत्यभामा हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन अठ्ठावीस दिवस झाले. अंगद आता दहा महिन्यांचा झाला आणि मी त्याला शेवटचं पाच महिन्यांचा असताना पाहिलंय. निम्मं आयुष्य त्याने माझ्याशिवाय काढलं, हे कागदावर मांडल्यावर कळलं. दूध संस्थेने मापाला ठेवलं म्हणून मी मागे राहिलो, आणि माझ्या जागी तू तुझ्या भावाबरोबर ऊस तोडायला गेलीस. रोज वाटतं, चुकलंच.

दुष्काळाने दूध आटलंय, पण बाया पेंडीसाठी रांगेत येतात, कडेवर पोरं असतात. ते पाहून अंगणवाडीच्या सरस्वतीबाईंनी एक काम काढलं. तीन वर्षांखालच्या प्रत्येक पोराने मान कधी धरली, कधी बसलं, आवाजाला वळतं का, हे वहीत लिहायचं. छबुबाई सुईण पोरांना हाताळून बघते. मी मागून कॅनवर झाकण आपटतो आणि कोण वळलं ते टिपतो. चेअरमन अर्जुनराव आधी म्हणाले की संस्थेत दूध मोजायचं का पोरं? आता तेच रांग लावतात. रहेमतबीची नात वर्षाची होऊन बसत नव्हती. घरचे म्हणायचे, अंगाने जड आहे. डॉक्टरला दाखवली, आता छबुबाई रोज तिचा व्यायाम घेते.

वहीत मी अंगदचंही नाव घातलंय. पुढे ओळ कोरी आहे. तो काय काय करतो, सविस्तर लिही.

माझा लोभ आहेच, तिकडूनही थोडा पाठव.

तुझा,
राधाकिशन


ऊसतोडीचा तळ, कऱ्हाडजवळ,
दि. १४ मार्च

अंगदच्या वडिलांना,
सा. न. वि. वि.

पत्र पावलं. रामहरी म्हणतो, दाजी दिवससुद्धा दुधावानी मोजतेत. मी त्याला दटावलं, अन मग मीच हसले.

अंगद रांगतो, गाडीच्या चाकाला धरून उभा ऱ्हातो. दोन दात आलेत. तुमच्यावानी कपाळाला आठी घालून माणसाकडं टक लावून बघतो. लई गुणाचा हाय. शेजारच्या खोपीतल्या दगडाबाईचं पोर ट्रकचा भोंगा वाजला की तळ डोक्यावर घेतं. आपला पाचटावर गाढ झोपतो. परवा उशापाशी पत्र्याचा डबा पडला, तरी पापणी हालली न्हाई. दगडाबाई म्हणती, माझं घे अन तुझं दे. तो असा हाय म्हणून माझी तोडणी होती.

फडात कुणी पाठमोरं दिसलं की तुमीच वाटता. मग ते वळतं, अन न्हाई.

वेळेवर जेवत जावा, अन आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सत्यभामा


शिरूर कासार,
दि. २३ मार्च

चि. सौ. सत्यभामा हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा आनंद झाला. दुसऱ्यांदा पत्र्याच्या डब्यापाशी थांबलो.

रागावू नकोस. उशापाशी डबा पडला तर निजलेलं पोर दचकायला हवं. इथे असताना तो धडधडत्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लागून निवांत झोपायचा, आणि मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचो की पोर शांत आहे. आपल्यात शांत पोराचं कौतुकच होतं, आईचे हात मोकळे राहतात ना. सरस्वतीबाईंना पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, घाबरू नका, पण वाटही बघत बसू नका. कानाचं लवकर कळलं तर बोलायला शिकवता येतं, महिने घालवले तर अवघड होतं.

तो जागा असताना कुणी तरी मागून ताट वाजवायचं. त्याला सावली दिसता कामा नये. आधी उजवीकडे, मग डावीकडे, तीन तीन वेळा. तू समोर बस, पण तोंडावर काही दाखवू नकोस, नाही तर तुझ्याकडे बघून तो वळेल.

मी खोटा ठरावं, एवढंच मागणं आहे. मग रामहरीला वर्षभर हसू दे.

रागातही आठवण ठेव.

तुझा,
राधाकिशन


ऊसतोडीचा तळ,
दि. ३ एप्रिल

अंगदच्या वडिलांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी चुलीत घालणार होते. माझ्या लेकरात खोट काढतेत म्हणून लई बोलले तुमाला. रामहरीनं पत्र हातातून काढून घेतलं, अन दगडाबाई ताट घेऊन आली. मी तोंड दगडावानी ठेवलं. तिनं सहा वेळा वाजवलं. शेजारच्या कोंबड्या उडाल्या. हा माझ्या बांगड्यांशी खेळत ऱ्हायला.

मग मला रडू आवरलं न्हाई. ते मात्र त्याला लगेच कळलं, माझ्या गालाला हात लावला त्यानं. जन्मल्यापासनं मी गाणं म्हणून निजवते. तो माझ्या तोंडाकडं बघून हसायचा. मला वाटायचं, गाणं आवडतंय.

दुसऱ्या दिवशी बायांनी तळावरची सगळी पोरं बसवली, एकोणीस. तुमच्या पत्रावरनं रामहरी कागदावर लिहीत गेला. कौशल्याबाईची दोन वर्षाची पोरगीबी वळली न्हाई. मायलेकींना संगं आणते. मुकादम म्हणला, हंगामाचा एक महिना ऱ्हायलाय, मग जा. बाया त्याच्या पुढं उभ्या ऱ्हायल्या, म्हणल्या, ह्या दोघींच्या वाटणीच्या मोळ्या आमी बांधतो. तवा गप झाला.

१३ तारखेला, सोमवारी, दुपारच्या एसटीनं उतरते. सरस्वतीबाईला सांगून ठेवा, बुधवारी मोठ्या दवाखान्यात जाऊ.

एक ऐका. स्टँडवर आमी दिसलो की तुमी लांबूनच त्याला हाका माराल. मारू नका. जवळ या, त्याच्या समोर खाली बसा. त्याला तुमचं तोंड पोटभर बघू द्या. तवर मी थांबते.

बाकी भेटीत.

तुमची,
सत्यभामा