किल्ल्याला दम लागतो

३ मार्च
दरवाज्याजवळची खोली

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आधी कबुली, मग खुशाली. किल्ल्याचा आवाज मी मारला. फोनवर सांगता येत नाही, बाबा शेजारीच कान लावून बसलेले असतात, म्हणून पत्र.

तुला माहीतच आहे, बाबा मोठ्या दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवतात आणि ती वरच्या दालनातून परत येते. लोक येतात ते त्याच्यासाठीच. बाकी आपल्या किल्ल्यावर ना लढाई झाली, ना कुणी तटावरून उडी मारली. किल्लेदार दमला होता, त्याचे शिपाई दमले होते, त्यांनी चाव्या देऊन टाकल्या. इतकी वर्षं बाबा खरं तेवढंच सांगतात, दोन वाक्यांत. लोक जांभया देतात. मग टाळी वाजते आणि पोरंसोरं खूश.

थंडीत डागडुजीला गवंडी आले होते. वरच्या दालनातली कबुतरांची घाण झाडायचं काम माझ्या गळ्यात. कंटाळलो होतो. गवंड्याला ठोकून दिलं की वरचे झरोके बुजवा, बाबांनी सांगितलंय. त्याने बुजवले. कबुतरं गेली आणि टाळीही गेली. बाबांनी वाजवली, काही नाही. पुन्हा वाजवली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला बाबांकडे बघवेना.

कुणीतरी तक्रार केली. ऑफिसचे साहेब म्हणे पुढच्या महिन्यात येऊन ऐकणार. आवाज नसेल तर गाइड कशाला, बाबांना तिकिटाच्या खिडकीत बसवू म्हणतात. बाबा आणि काचेमागे गप्प. तूच विचार कर.

म्हणून आता घोळका दिसला की मी मागच्या जिन्याने वर पळतो आणि खांबाआडून टाळी वाजवतो. बाबांना वाटतंय आवाज परत आला. दिवसभर हेच चाललंय, पोटऱ्यांचे दगड झालेत. त्यात बाबांचंही काहीतरी बिनसलंय. हल्ली टाळीआधी थापा मारतात. काल म्हणे राणीचा हत्ती दरवाज्यात अडकला होता, तेल चोपडून ढकलावा लागला. खोटं बोललो म्हणून मला बदडणारा हा माणूस. वय झालं का गं त्यांचं?

लोभ आहेच. रागावलीस तर थोडा कमी कर, संपवू नकोस.

तुझा उपद्व्यापी भाऊ

---

११ मार्च

चि. माकडास अ. आ.

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. बाह्या शिवून शिवून मान अशी आखडलीय की हसतानाही दुखली. नंतर हसू गेलं.

परवा बाबा डोळे तपासायला इकडे आले होते. डोळे ठीक आहेत. कान तर फारच ठीक आहेत. चहा पिता पिता म्हणाले, किल्ल्याला हल्ली शिंका येतात. अरे, ज्या माणसाने जन्मभर एकच टाळी ऐकली, त्याला तुझी ओळखू येणार नाही होय? पहिल्या दिवशी तुझी टाळी उशिरा आली, आणि तीही धापा टाकत. तेव्हाच त्यांना कळलं.

म्हणून ते वेळ काढतात. तू वर पोचेपर्यंत बोलत राहायला हवं, आणि खरी गोष्ट तर दोन वाक्यांत संपते. मग हत्ती आणला. हत्ती पुरेना तेव्हा राणी आणली. मला म्हणाले, थापा मारायला लाज वाटते, पण पोराची छाती फुटायची. त्याला सांगू नकोस म्हणाले. मी सांगतेय, कारण त्यांचं वय झालं म्हणतोस ते मला सोसवेना.

झरोके कुणी बुजवायला लावले ते त्यांना माहीत नाही. गाढवा, जे बुजवलंस ते उकर, साहेब यायच्या आत. सोबत पोटऱ्यांना तेल पाठवतेय.

आशीर्वाद आहेत, पण झरोके मोकळे झाल्यावरच लागू होतील.

तुझी ताई

---

२ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तेल मिळालं. स्क्रू-ड्रायव्हरने झरोके खरवडून बोटांची सालं निघाली, पण बरेचसे मोकळे झालेत.

साहेब काल आले, सांगितलेल्या वेळेच्या आधीच. मी अर्ध्या जिन्यात, आणि पायात गोळा आला. बसलो तिथेच. खाली बाबांनी हत्ती अडकवला, सोडवला, मग दुसरा आणला. साहेब म्हणाले, हत्ती पुरे, टाळी वाजवा. बाबा म्हणाले, किल्ला म्हातारा आहे, त्याला दम लागतो, जरा थांबू. साहेब काही थांबेनात, तेव्हा वाजवली.

ताई, माझे हात पोटरीवर होते. टाळी वरून आली. बारीक, पण आपली जुनीच.

साहेबांनी मान हलवली, गाइड राहू दे म्हणाले. बाबा बराच वेळ वर बघत राहिले. संध्याकाळी काही न विचारता त्यांनी माझ्या पोटऱ्या चोळल्या.

मला वाटलं, आज परत दोन वाक्यांवर येतील. पण आज तर हत्तीला पिल्लू झालं. म्हणजे त्यांना अजून वाटतंय, टाळी मीच वाजवतो. मीही वर जातो. वाजवत काही नाही, जिन्यात नुसता बसून ऐकतो. फार दमलोय गं, पण पिल्लू दरवाज्यातून जाईना आणि मला उठवेना.

झरोक्यांचं मीच सांगेन त्यांना, पिल्लू आत गेल्यावर. तोवर पाया पडतो, आवाज परत आलाय हे कुणाला सांगू नकोस. बाबांना तर नाहीच नाही.

तुझा भाऊ