मागच्या खोलीतला चेंडू

३ जून
लेक बाळंतपणाला आली. सातवा लागलाय. सोबत दोन बॅगा, योगाची चटई आणि माणूस बसेल एवढा निळा रबरी चेंडू. डॉक्टरीणबाईंनी हलका योग करायला सांगितलाय म्हणे. माझा विरोध नाही. मी बी.एस्सी. आहे, जुन्या वळणाची बाई नव्हे. फक्त मागच्या खोलीत नको, एवढंच सांगितलं. तिथे हवा खेळत नाही.

४ जून, सकाळ
चटई मागच्या खोलीतच पडली. लेकीने दोन्ही खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, आई, इथे तर भणाण वारा येतोय. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, करू दे तिला. ह्यांना बोलायला काय जातंय!

७ जून
निर्णय: व्यायाम माझ्या देखरेखीखाली. आज ती ओणवी होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करत होती. मी एकदाच म्हटलं, जपून. लेक म्हणते, एकदाच, पण थांबलीसच कुठे? तिने दार लावून घेतलं.
त्या खोलीचं बंद दार मला आवडत नाही. खास कारण नाही. कोंदट होतं.

१० जून
चटई धुतली. जाड आहे, वाळत नाही, त्याला मी काय करणार?

११ जून
चटई अजून दमट. (सावलीत घातली होती. उन्हाने रंग उडतो.) लेकीने गोधडी अंथरली आणि सुरू झाली. अशी हट्टी कुणावर गेली, कळत नाही.

१५ जून
लेकीने विचारलं, आई, ताईच्या वेळी तू याच खोलीत होतीस ना?
ताई! जिने डोळेही उघडले नाहीत ती कसली ताई? मला पडून राहायला सांगितलं होतं, मी पडून राहिले. पंख्याकडे बघत. कूससुद्धा विचारून बदलली. एका दुपारी पोटातलं हलणं थांबलं. झालं. इतक्या वर्षांत त्याचा विचारही केलेला नाही.
भाजीत दोनदा मीठ पडलं, ते लेकीच्या बडबडीमुळे.

१८ जून
चेंडूवर बसून लेक कंबर गोल फिरवते. गडगडली तर? ती तपासणीला गेल्यावर चेंडूचं बूच जरासं सैल केलं. चेंडू आपोआप बसेल, कुणाचं मन दुखावणार नाही. याला मुत्सद्देगिरी म्हणतात.

दुपार
मागच्या खोलीतून श्वास ऐकू येतोय. हे पुढच्या खोलीत घोरताहेत. ते घोरणं मी जन्मभर ऐकलंय. हे ते नव्हे. बारीक, लांब, नुसता सोडतच राहिलेला. आत घेतच नाही.
भूतबित मी मानत नाही. म्हणूनच उठून बघायची गरज वाटत नाही.

थोड्या वेळाने
गेले. बूच! सकाळचं साफ विसरले होते. कोपऱ्यात चेंडू अर्धा बसलेला, सुरकुतलेला, अजून उतरतोय. असंच एक पोट मी त्या पंख्याखाली…
बूच दाबलं. पायाने मारायचा पंप शोधला आणि मारत सुटले.

संध्याकाळ
चेंडू टम्म, आधीपेक्षा मोठा. पक्का आहे ना, म्हणून वर बसून पाहिलं. चाचणी आवश्यकच होती. मग पाय जमिनीला टेकेनात. हाक मारायची नाही असं ठरवलं. हाक मारली. हे आले, बघितलं आणि नीट दिसावं म्हणून चष्मा आणायला गेले.
तेवढ्यात लेक परतली. हसेल वाटलं होतं. तिने पंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझे हात धरले आणि म्हणाली, बूच तूच काढलंस ना? मी म्हटलं, काढलं नाही, सैल केलं. तिने माझा हात आपल्या पोटावर दाबला. आतून लाथ बसली. चांगली सणसणीत. लेक म्हणाली, आई, श्वास सोड. मी म्हटलं, सोडतेय की. पण कुठला सोडतेय!

१९ जून
आजचा योग कडक देखरेखीखाली पार पडला. चेंडूवर लेक, चटईवर मी. (वाळली एकदाची.) शेवटी डोळे मिटून पडायचं असतं. दोघांच्याही म्हणण्यानुसार, म्हणजे लेकीच्या आणि ह्यांच्या, मी त्या पंख्याखाली जेवणवेळेपर्यंत घोरत होते.
साफ खोटं. मी लक्ष ठेवून होते.