चार मिलिमीटरचा वाक

जळगाव, गुरुवार, संध्याकाळ

सरांनी माझा वाक काढून टाकला. मला विचारलंसुद्धा नाही.

अणुभट्टीत अपघात होऊन आतलं सगळं तापलं, तर खालचे पोलादी खांब किती वेळ उभे राहतील, हे सर आणि मी वर्षभर संगणकावर पाहतोय. प्रत्येक खांबाला मी आधीच चार मिलिमीटरचा वाक दिला होता. शिंदखेड्याला घरच्या केळीला बांबूचे टेकू लावताना माझे वडील, आबा, म्हणाले होते, "बठ्ठा बांबू जरासा वाकडाच ऱ्हातस, माय. भार पडना की तठेच मोडतस." प्रत्येक बांबू थोडा वाकडाच असतो आणि भार आला की तिथेच मोडतो, हे सरांना इतकं आवडलं की त्यांनी वर्गात सांगितलं. वर म्हणाले, अगदी सरळ खांब संगणकात मोडतच नाही, नुसता दबतो, म्हणून त्याच्यावर कधी विश्वास ठेवू नका.

आज अहवाल उघडला, तर सगळे खांब सरळसोट. शेवटपर्यंत उभे.

"चार मिलिमीटरनं काय बिघडतं? अणुभट्टीवाल्यांना खांब उभेच हवेत," सर म्हणाले आणि माझ्यासाठी चहा मागवला.

काय बिघडतं, हे ते मला विचारतात? आणि मी तो चहा प्यायले. का प्यायले?

निदान माझं नाव तरी गाळायचं. ते ठेवलंय. 'गणित तपासले' याच्यापुढे, माझ्या एकटीचं.

आत्ता आबांचा फोन आला होता. "टिकनात का तुना खांब?"

"टिकले, आबा."



"मंग तूच वाक काढी टाकेल व्हई."