चाकांवरची धवलारीण

८ फेब्रुवारी
पंढरी आला. पाठचा भाऊ, पण खुर्चीवर बसून माझ्याकडे न बघता बोलला — "बाय, तू नको तरास घेव. डीजेवाल्याकरं धवल्यांची रेकॉर्ड हाय."
रेकॉर्ड! त्याच्या समृद्धीची हळद, माझ्या भाचीची — आणि लग्नाचे धवले भोंग्यातून? दिव्यापासून कल्याणपर्यंत चाळीस वर्षं आगऱ्यांची लग्नं मी धवलारीण म्हणून गाऊन लावली. खुब्याचं हाड मोडलंय, गळा नाही!

९ फेब्रुवारी
निशाला म्हटलं, तू गा. माझीच लेक, लहानपणी मांडवात माझ्या मांडीवर झोपायची. "मना येत नाय, आये. नि हळदीला माझ्या बँकेतल्या बाया येतीन." लाज वाटते म्हण ना सरळ! माझ्यामागे हे म्हणणार कोण?

१२ फेब्रुवारी
कल्पिता — माझी सून — ठाण्याच्या कॉलेजात नोकरीला. साहेबांना विचारून तिथलं एक यंत्र घेऊन आली. खाली चाकं, वर काठी, काठीला टॅब. आजारी मुलं घरी राहून त्यातून वर्गात बसतात म्हणे. मी इथे कोपरच्या घरी पलंगावर पडून मोबाइलवर बाण दाबायचे, ते तिकडे दिव्याला पंढरीच्या मांडवात चालणार. तोंड माझं, आवाज माझा.
पहिल्याच फेरीत कपाटावर आदळले. आवाज बंद करायचं बटण दोनदा चुकून दाबलं. कल्पिता हसत सुटली. हसू दे!

१५ फेब्रुवारी
पंढरीचा फोन. "लोकं हसतीन, बाय!" हसले तर हसले. दार लावलंस तर दारात उभी राहून गाईन — सांगून टाकलं.

१८ फेब्रुवारी
हळद झाली.
मांडवात शिरले तशी पोरं मागे धावली. भावजयीने मात्र काठीला साडी गुंडाळली, वर गजरा बांधला. धवलारणीचा मान! रडूच आलं. समृद्धीने हळदीचा हात काचेला लावला, तेव्हापासून सगळा मांडव पिवळाच दिसत होता.
पहिला धवला उचलला. एरवी मी ओळ म्हणते, बाया मागून म्हणतात. आज? सगळ्यांचे मोबाइल वर! माझं शूटिंग चाललेलं. एकीचंही तोंड हलेना. मी आपली एकटीच भोंग्यासारखी वाजतेय. मग ती रेकॉर्ड काय वाईट होती?
चौथ्या ओळीला माझा आवाज बंद. पंढरी ओरडला, "नेटवर्क गेला! लाव रे डीजे!" तेवढ्यात निशा पुढे आली. पदर खोचला आणि पाचवी ओळ म्हटली. बरोब्बर म्हटली! मग भावजय, मग मागे बसलेल्या म्हाताऱ्या. अख्खा धवला पुरा केला बायांनी. मी इथे पलंगावर ऐकत होते.

१९ फेब्रुवारी
निशा सकाळपासून नेटवर्कला शिव्या घालतेय. घालू दे.
बटण मीच दाबलं. या खेपेला चुकून नाही.