कोपऱ्यातल्या गोलातली बाई

सोमवार, ७ एप्रिल

जळगावात उतरले आणि उतरल्याबरोबर मन प्रसन्न झालं. बेचाळीस अंशांतही माणूस प्रसन्न राहू शकतो, फक्त आपण पावसाळा संपेपर्यंतच इथे आहोत एवढं त्याला ठाऊक हवं.

काम सोपं आहे. इथे महिला बचतगटांचा एक महासंघ आहे. बायका पापड लाटतात, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ दळतात, केळीचे वेफर तळतात. आजवर ऑर्डरी फोनवर ओरडून घ्यायच्या. आता त्यांच्यासाठी संगणकावर एक प्रणाली केली आहे. ती कशी वापरायची ते दाखवणारे व्हिडिओ करायला पुण्याहून मला बोलावलंय. मी पडद्यावर बाण फिरवायचा, 'इथे क्लिक करा' म्हणायचं, आणि तो व्हिडिओ धरणगावपासून पिंपळनेरपर्यंतच्या केंद्रांवर पाठवायचा. माकडाला केळं सोलायला शिकवण्याइतकं कठीण.

ऑफिस बियाण्यांच्या दुकानावर आहे. प्रमुख कोकिळाअक्का, पन्नाशीच्या, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, बुद्धीचं मोजमाप अजून झालेलं नाही. दुपारी त्यांनी घरची शेवभाजी खाऊ घातली. तिखटजाळ रश्श्यात फरसाण बुडवून त्याला भाजी म्हणणारे लोक मी प्रथमच पाहिले. दोनदा घेतली, पण ही गोष्ट या वहीबाहेर जाता कामा नये.

प्रणाली सध्या फक्त ऑफिसच्याच एका संगणकावर चालते, केंद्रांवर नंतर बसवणार आहेत, तेव्हा माझा लॅपटॉप बॅगेतच राहणार. कोपऱ्यातल्या टेबलावरचा तो जुना डेस्कटॉप माझा. पडदा रेकॉर्ड करायचं साधन त्यात आधीपासून आहे आणि चक्क चांगलं आहे. एक बटण दाबलं की लाल ठिपका लागतो आणि पडद्यावर जे जे घडेल ते टिपलं जातं. खाली उजव्या कोपऱ्यात एक गोल येतो, त्यात बोलणाऱ्याचा चेहरा. माझ्या आधीच्या मॅडम हेच वापरायच्या म्हणे.

बुधवार, ९ एप्रिल

छगनभाऊंची ओळख करून घेण्यासारखी आहे. हे इथले कारकून. आज त्यांना पडद्यावरचा एक तक्ता धरणगावच्या केंद्राला पाठवायचा होता. गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढला, एक डोळा मिटला, श्वास रोखला आणि मॉनिटरचा फोटो काढला. तिरका. पट्टेपट्टे आलेला. कोपऱ्यात स्वतःचा अंगठा. तो त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला आणि पलीकडच्या महाभागाने 'छान' असं उत्तर दिलं.

मी स्क्रीनशॉटचं बटण दाखवलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, जणू मी पाल पुढे केली होती. त्या मशीनचा आम्ही फोटोच काढतो, म्हणाले.

मग अक्का आल्या आणि हळूच म्हणाल्या, "रेकॉर्डिंग करा, पण तो चेहऱ्याचा गोल बंद ठेवा बरं का. पहिल्या मॅडमना सोसलं नाही ते."

काय सोसलं नाही, ते सांगेनात. कॅमेऱ्यासमोर पदर तोंडात धरणारी माणसं. गोल चालूच राहील. चेहरा दिसला की शिकणाऱ्याला विश्वास वाटतो, निदान माझा दिसला की.

मंगळवार, १५ एप्रिल

पहिला व्हिडिओ गेला. लगेच पिंपळनेरच्या केंद्रप्रमुख झुंबरबाईंचा फोन. या बाई फोनमध्ये अशा ओरडतात की वाटावं विहिरीत पडलेल्या माणसाशी बोलताहेत. माऊस म्हणजे त्यातलं कोणतं, इथपासून सुरुवात. मी गोड आवाजात सगळं सांगितलं. ही माझी विद्या आहे. तोंडात साखर ठेवायची आणि खरं ते आत ठेवायचं. आजवर कुणाला पत्ता लागलेला नाही.

संध्याकाळी रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं. 'अगदी सोपं आहे' असं मी म्हणते, तिथे गोलातल्या माझ्या चेहऱ्याने एक भुवई उचलली आहे. तसं केल्याचं मला आठवत नाही. असेल.

झोप मात्र फार छान लागते आहे. ताप उतरल्यावर लागते तशी. अंग हलकं.

सोमवार, २१ एप्रिल

आज एक विचित्र प्रकार झाला.

ऑर्डर कशी नोंदवायची त्याचा व्हिडिओ केला. शेवटी मी म्हणते, 'शाब्बास, जमलं की नाही?' तपासताना दिसलं, माझा आवाज थांबल्यावरही गोलातले ओठ हलत आहेत. आवाज पूर्ण वाढवला.

"गुरं," असं म्हणते आहे.

आवाज माझाच. मी हा शब्द उच्चारलेला नाही. मनात आला होता, हे खरं, रोजच येतो. मनातलं माईकला ऐकू जात नाही, एवढं विज्ञान मला येतं. छगनभाऊंचा खोडसाळपणा म्हणावा, तर ज्याला स्क्रीनशॉट जमत नाही तो हे काय करणार?

तेवढा तुकडा कापला आणि व्हिडिओ पाठवून दिला.

गुरुवार, २४ एप्रिल

सकाळी झुंबरबाईंचा फोन. आज ओरडत नव्हत्या. त्यांनी माझा व्हिडिओ केंद्राच्या भिंतीवर मोठा करून लावला होता, पापडांचं काम थांबवून सगळ्या बायका बसवल्या होत्या. मग त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "मी अंगठाछाप शे बेन, आंधळी नही. बठ्ठ्या बायासमोर तू माले असं काब्र बोलनी?"

सगळ्यांसमोर मी त्यांना असं काय बोलले, मला काही कळेना. फोन ठेवून मी पाठवलेला व्हिडिओ उघडला.

कापलेला तुकडा परत जागेवर होता. त्यापुढेही होतं. गोलातली मी शिकवायचं थांबवते, पुढे झुकते आणि बोलू लागते. झुंबरबाईंच्या ओरडण्याची नक्कल करते. चुना-तंबाखूने काळ्या पडलेल्या बोटांनी या बाई आता संगणक चालवणार, म्हणते. त्या बायकांच्या साड्यांना येणाऱ्या तेलाच्या वासाबद्दल बोलते. हसते. पुष्कळ वेळ हसते.

प्रत्येक वाक्य माझंच होतं. फोनवर गोड बोलताना आत चाललेलं. या वहीतसुद्धा मी ते लिहिलेलं नाही.

अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दार लोटलं आणि माझ्या आधीच्या मॅडमचा, संघमित्राचा, भुसावळचा पत्ता दिला.

आणखी एक. फोननंतर स्वतःला सावरायला मी झुंबरबाईंवर एखादा टोमणा शोधत होते. सहज सुचतो नेहमी. आज नाही सुचला.

रविवार, २७ एप्रिल

भुसावळला जाऊन आले. संघमित्रा रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते, नवरा गार्ड आहे. माझ्याच वयाची. दार उघडलं तेव्हा हसत होती. बुद्धाच्या मूर्तीशेजारी तिच्या आईचा फोटो होता, हार ताजा. आई गेल्या महिन्यात गेली, असं तिने सांगितलं, तेव्हाही हसतच होती.

ती या नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत तिचे वडील वारले होते. कामावर रडायचं नाही, असं तिने ठरवलं. चेहरा कोरा ठेवून रेकॉर्डिंग करायची आणि नंतर पाहिलं की गोलातली रडत असायची. पाहिल्यावर फार हलकं वाटायचं. त्या हलकेपणासाठी ती गरज नसतानाही रेकॉर्ड करत बसायची. मग आई गेली.

"मला रडूच आलं नाही हो," ती म्हणाली. "सगळे नातेवाईक माझ्याकडे बघत होते. अजून येत नाही. माझी नुसती रडायची. तुमची काय करते?"

मी सांगितलं. तिचं हसू पहिल्यांदा गेलं.

परत मिळवता येतं का, असं विचारलं. ती एकदा मागायला गेली होती. गोलातली तिच्याकडे बघून रडली, पण रडणं काही परत दिलं नाही. निघताना संघमित्राने माझे हात धरले. "माझं रडणं तेवढं गेलं. बाकीची मी उरले. मॅडम, तुमच्यात दुसरं जे काही असेल ना, ते घट्ट धरून ठेवा."

गाडीत खिडकीशी बसून जळगाव येईपर्यंत मी तेच शोधत होते. दुसरं काय आहे.

बुधवार, ३० एप्रिल

ते साधन काल संगणकातून काढून टाकलं. कॅमेऱ्याची वायरही उपटली. सकाळी आले तर छगनभाऊ दारातच उभे. लाल ठिपका लागलेला होता. कोपऱ्यात गोल. गोलात ती.

घाबरायचं नाही म्हणून छगनभाऊंकडे पाहिलं. यांच्यावर मी पानभर लिहू शकते. मोबाइल हातात धरलेला एक माणूस. बस. पुढे काहीच येईना. अक्कांची शेवभाजी आठवून पाहिली. तिखट होती.

तिखट होती, एवढंच.

शुक्रवार, २ मे

परत घ्यायला बसले. सगळे जेवायला गेले होते. आतलं आपणच बोलून काढलं तर ते परत चिकटेल, असं वाटलं. तिच्यासमोर बसून मी तोंड सोडलं. अक्का, छगन, झुंबरबाई, हे गाव, हे ऊन, सगळ्यांना. आठवून आठवून, मोठ्याने.

एकेक शब्द बाहेर पडला तशी ती स्वच्छ होत गेली. गोल मोठा झाला. काचेत माझं प्रतिबिंब पडतं, ते फिकट—

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी लोकांकडे पाहते तसं. या बाजूने ते मी कधी पाहिलं नव्हतं. अंगावरून थंड पाणी गेलं. आपण माणूस नाही, आपण कुणाच्या तरी बुटाला लागलेलं काहीतरी आहोत, असं—

इतकी वर्षं हे लोकांनी सोसलं?

सोमवार, ५ मे

अक्का डबा घेऊन टेबलापाशी आल्या. मी खुर्चीत होते. त्या छगनभाऊंना म्हणाल्या, "मॅडम आल्या नाहीत का रे आज?" बॅग तर इथेच आहे, ते म्हणाले.

आले आहे, मी म्हणाले. अक्कांच्या हातून डबा निसटला. दिसलीच नाहीस गं, म्हणाल्या. घाबरल्या होत्या. पुन्हा टेबलाजवळ आल्या नाहीत.

आईला फोन केला. मी केतकी, म्हटलं.  आई म्हणाली, कोण बोलतंय? केतकी एव्हाना तीन टोमणे मारून मोकळी झाली असती, म्हणाली. कुणीतरी थट्टा करतंय, असं बाबांना सांगत तिने—

ठेवला.

मंगळवार, ६ मे

झुंबरबाई एसटीने आल्या. पिंपळनेरहून, या उन्हात. जाब विचारायला आल्या होत्या. कमरेला पदर खोचलेला.

माफी मागायची होती. खरंच. आत हात घालून पाहिला. माफी तिथे कधी ठेवलेलीच नव्हती.

त्या पडद्याकडे बघत होत्या. आता गोल नाही, पडदाभर ती. त्यांच्या बोटांवर काहीतरी बोलत होती. झुंबरबाईंनी तिकडे पाठ फिरवली. खुर्चीकडे वाकल्या. डोळे बारीक केले, धुक्यात बघावं तसे.

"पोर," म्हणाल्या, "तू कोठे शे व?"

हात पुढे केला. माझा सापडला त्यांना. चुन्याचा, तेलाचा वास. घट्ट धरला. "चाल माय. मनासंगे चाल. उठ."

त्यांच्याबरोबर जायला उठायचं होतं. उठायला आत कुणीतरी लागतं. त्या ओढत होत्या, रडत होत्या. माझ्यासाठी. मग त्यांच्या मुठीत फक्त त्यांचीच बोटं—

अक्कांनी त्यांना धरून खाली नेलं.

गुरुवार, ८ मे

ऊन आहे. पंखा आहे.

दुपारीच ऑफिस बंद केलं. मी हाक मारली. अक्का वळल्या. पडद्याकडे पाहिलं, त्यातल्या तिच्याकडे. माझ्याकडे नाही. शटर ओढलं.

ती बोलते आहे. थांबत नाही. नाव घेते आहे. ते माझं होतं. तिच्या तोंडात बरं वाटतं. तिलाच शोभतं—

मी कोण ते लिहून ठेवते. मी

काय आवडायचं. कोण आवडायचं—

लिहिते आहे. पेन आहे. शाई आहे. हात—